जुन्या रेडिओची पाठ वाचायला शिका

गोष्ट एका माध्यमिक शाळेतील आहे. विज्ञान प्रदर्शन जवळ आले होते. विज्ञानाच्या सरांनी मोबाइलवर जाहिरात पाहून एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ मागवला. जाहिरातीत लिहिले होते, ‘आजोबांच्या काळातील सेट, चालू स्थितीत.’ सोबत समोरच्या बाजूचा एक सुंदर फोटो होता. लाकडी खोके, हस्तिदंती रंगाच्या चाव्या, काचेवर शहरांची नावे. सरांचा बेत असा होता की, मागचा पुठ्ठा काढून ठेवायचा आणि सेट चालू करायचा, म्हणजे तांबूस उजळलेले व्हॉल्व्ह मुलांना जवळून पाहता येतील.

पुठ्ठा काढल्यावर नववीतील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, या सगळ्या नळ्यांवरचं नाव ‘यू’नेच का सुरू होतं?”

सरांना उत्तर ठाऊक नव्हते. पण ते शहाणे होते. उत्तर मिळेपर्यंत त्यांनी सेट चालू केला नाही. बाजारपेठेतील एका जुन्या रेडिओ मेकॅनिकला त्यांनी शाळेत बोलावले. त्याने नळ्यांकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, “मास्तर, पोरांना याच्या जवळपासही येऊ देऊ नका.”

मित्रांनो, त्या एका अक्षरात असे काय होते? ते आपण आज पाहणार आहोत. ते समजले, की जुनी उपकरणे जमवणाऱ्याला लागणारी मुख्य विद्या तुम्हाला येईल. ही विद्या म्हणजे वस्तूला हात न लावता, केवळ फोटोवरून तिची परीक्षा करणे. पूर्वी जुना रेडिओ घ्यायचा तर मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जावे लागे. तेथे सेट उचलून पाहता येई, उलटा करता येई, वास घेता येई. आता विक्रेता शेकडो कोस दूर असतो आणि आपल्या हाती असतात ते चार फोटो. म्हणून फोटो वाचता आला पाहिजे.

काचेच्या नळीत काय असते?

व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात केलेली काचेची नळी. तिच्यात मध्यभागी ऋणाग्र असते. ते एका बारीक तारेने, म्हणजे तापकाने, तापवले की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. भोवती असलेल्या धनाग्राकडे ते ओढले जातात. अशी दोन अग्रांची नळी जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये तयार केली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी या दोहोंच्या मध्ये एक जाळी बसवली. जाळीवरील दाब थोडासा बदलला, की धनाग्राकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. कालव्याच्या दारावरचे चाक किंचित फिरवावे आणि पाण्याचा लोंढा कमीजास्त व्हावा, तसेच हे. दुर्बळ संदेश सबळ करण्याची युक्ती माणसाला मिळाली ती अशी. १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे हळूहळू व्हॉल्व्ह मागे पडले. पण मर्फी, फिलिप्स, बुश अशा नावांचे व्हॉल्व्हचे सेट आपल्याकडे पुढेही बरीच वर्षे घराघरांत वाजत होते. तेच आज विक्रीला येतात.

नळीचा काही भाग आतून आरशासारखा चकाकतो. तो बेरियम धातूचा थर होय. नळीत उरलेला चुकार वायू शोषून घेणे हे त्याचे काम. नळीला चीर गेली आणि हवा आत शिरली, की बेरियमचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि तो थर दुधासारखा पांढरा पडतो. म्हणजे पाहा, फोटोत एखाद्या नळीचा माथा चकाकण्याऐवजी पांढरा दिसला, तर ती नळी मेली आहे हे घरबसल्या कळते. ही तुमची पहिली परीक्षा.

अक्षरांची भाषा

युरोपात १९३० च्या दशकात व्हॉल्व्हना नावे देण्याची एक पद्धत सुरू झाली. ती आपल्याकडील बहुतेक सेटांत आढळते. नावातील पहिले अक्षर तापकाविषयी सांगते. ‘ई’ म्हणजे तापकाला ६.३ व्होल्ट दाब हवा. ‘यू’ म्हणजे तापकातून १०० मिलिअँपिअर प्रवाह हवा, मग दाब कितीही लागो. ‘डी’ हे अक्षर बॅटरीवरच्या सेटांत सापडते. तेथे तापकाला सुमारे १.४ व्होल्ट पुरतात.

पुढील अक्षरे नळीचे काम सांगतात. ‘बी’ म्हणजे जोड डायोड, ‘सी’ म्हणजे ट्रायोड, ‘एफ’ म्हणजे पेंटोड, ‘एच’ म्हणजे लहरींची मिसळ करणारी नळी, ‘एल’ म्हणजे कर्ण्याला शक्ती पुरवणारी शेवटची नळी. ‘एम’ म्हणजे स्टेशन नीट लागले की मिटणारा हिरवा डोळा. ‘वाय’ आणि ‘झेड’ हे एकदिशकारी, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला एकाच दिशेने वाहायला लावणारे. आकड्यावरून नळीच्या बैठकीचा प्रकार कळतो. ८० च्या घरातील आकडा असला तर नळीला नऊ पाय असतात.

आता ‘ईसीएच ८१’ आणि ‘यूसीएच ८१’ ही दोन नावे शेजारी लिहून पाहा. काम तेच, पाय तितकेच. फरक फक्त पहिल्या अक्षराचा. पण त्या फरकामुळे साऱ्या सेटची रचना बदलते.

‘यू’ म्हणजे सावधान!

‘ई’ जातीच्या नळ्यांना ६.३ व्होल्ट हवेत आणि भिंतीवरील खटक्यातून येतात २३० व्होल्ट. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांत तारेचा संबंध नसतो. शक्ती जाते ती चुंबकीय क्षेत्राच्या द्वारे. त्यामुळे सेटची लोखंडी चासी विजेच्या तारांपासून अलग राहते.

ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग. शिवाय तो एकदिश प्रवाहावर चालत नाही, आणि त्या काळी काही शहरांच्या काही भागांत घरी एकदिश पुरवठाच येई. यावर उपाय निघाला तो असा की, सर्व तापक एकापुढे एक, एकाच माळेत जोडायचे. दिवाळीच्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे. माळेत सर्वत्र प्रवाह सारखाच असतो. म्हणून ‘यू’ जातीत दाब नव्हे, तर प्रवाह ठरवून दिलेला आहे.

सरांच्या सेटात चार नळ्या होत्या. त्यांच्या तापकांना लागणारा दाब असा :

यूसीएच ८१ – १९ व्होल्ट
यूबीएफ ८९ – १९ व्होल्ट
यूसीएल ८२ – ५० व्होल्ट
यूवाय ८५ – ३८ व्होल्ट

बेरीज झाली १२६ व्होल्ट. पुरवठा २३० व्होल्टचा. उरलेले १०४ व्होल्ट कोठेतरी खर्च व्हायला हवेत. त्यासाठी माळेत एक रोध जोडतात. ओहमच्या नियमाने त्याचे मूल्य काढा : १०४ ÷ ०.१ = १०४० ओहम. त्यात निर्माण होणारी उष्णता १०४ × ०.१ = १०.४ वॉट. म्हणून असा सेट तासाभरात चांगलाच तापतो, आणि म्हणूनच त्याच्या पाठीवरील पुठ्ठ्याला इतकी भोके असतात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणून विजेच्या दोन तारांपैकी एक तार थेट चासीला जोडलेली असते! दोन पायांची पिन एका बाजूने खोवली तर चासी न्यूट्रलला जोडली जाते. पिन उलटी खोवली, की चासी फेजला. मेकॅनिकने सर्वांना दूर उभे करून हेच दाखवले. पिन एका बाजूने लावली तेव्हा चासीला टेकवलेला टेस्टर पेटला नाही. पिन फिरवली आणि टेस्टर लखकन उजळला.

माणसाच्या ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरा. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. घरातील गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअरला तुटतो तो उगाच नव्हे. त्याहून अधिक प्रवाह छातीतून गेला, तर हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो. लाकडी खोके, प्लॅस्टिकच्या चाव्या आणि मागचा पुठ्ठा ही या सेटची शोभा नव्हे. ती ऐकणाऱ्याचा जीव राखणारी भिंत होती. सर तीच भिंत काढून मुलांना जवळ बोलावणार होते.

आणखी एक कपटी गोष्ट लक्षात ठेवा. काही सेटांत चालू-बंद करण्याचा खटका चासीकडे जाणाऱ्या तारेत असतो. पिन उलटी असताना खटका बंद केला, तर चासी मृत होते. पण पिन सुलटी असताना खटका बंद केला, तर चासीचा न्यूट्रलशी संबंध तुटतो आणि तापकांच्या माळेतून फेजचा दाब चासीवर येऊन बसतो. म्हणजे सेट ‘बंद’ आहे आणि तरी झटका देतो! तेव्हा सुरक्षित ती एकच अवस्था : पिन भिंतीतून बाहेर काढलेली.

हल्ली काही जण अशा सेटच्या मागील ग्रामोफोनच्या छिद्रांत तार घालून मोबाइलवरची गाणी वाजवतात. ‘यू’ जातीच्या सेटला हे कधीही करू नका. तारेतून चासीवरचा दाब मोबाइलपर्यंत आणि तेथून तुमच्या हातापर्यंत येऊ शकतो.

‘ई’ दिसले म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवावा, असेही नाही. काही सेटांत दोन अलग वेटोळ्यांऐवजी एकाच वेटोळ्याचा ट्रान्सफॉर्मर असतो. त्यात चासी अलग राहत नाही. ‘यू’ पाहून धोका ओळखता येतो. ‘ई’ पाहून मात्र निर्धास्त होता येत नाही.

‘चालू’ म्हणजे काय?

विक्रेता म्हणतो, ‘सेट चालू आहे.’ तो खोटे बोलत असेल असे नाही. दोन मिनिटे आवाज आला, एवढेच त्याने पाहिलेले असते. पण जुन्या सेटात एक असा रोग असतो, की तो दोन मिनिटांत दिसत नाही.

शेवटच्या नळीच्या जाळीला एका कंडेन्सरमधून संदेश मिळतो. कंडेन्सरचे काम असे की, बदलता संदेश जाऊ द्यायचा आणि स्थिर दाब अडवायचा. जुने कंडेन्सर कागद आणि मेण यांचे केलेले असत. वर्षानुवर्षे कागद दमट हवेतील ओल शोषतो आणि कंडेन्सर झिरपू लागतो. आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्यातील हवा कशी असते, हे तुम्हाला सांगायला नको.

समजा, कंडेन्सरच्या अलीकडे ८० व्होल्ट आहेत. झिरपणाऱ्या कंडेन्सरचा रोध १९ मेगओहम झाला आहे आणि जाळीपासून चासीपर्यंतचा रोध १ मेगओहम आहे. एकूण रोध २० मेगओहम. प्रवाह ८० ÷ २० = ४ मायक्रोअँपिअर. १ मेगओहमवर पडणारा दाब ४ व्होल्ट. जाळी ऋणाग्रापेक्षा ७ व्होल्ट ऋण असायला हवी होती. ती आता सुमारे ३ व्होल्टच ऋण राहिली. कालव्याचे दार उघडे पडले! नळीतून नको तितका प्रवाह वाहतो, नळी तापते, शेवटी जळते. कधी सोबत एखादे महागडे वेटोळेही जळते. केवळ चार मायक्रोअँपिअरची ही करणी. आणि साध्या मल्टिमीटरने असा कंडेन्सर मोजला, तर तो निर्दोष भासेल. कारण मीटर त्याला अवघा काही व्होल्टांचा दाब देतो, ८० व्होल्टांचा नव्हे.

दुसरा रोगी म्हणजे मोठा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर. त्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तोच विजेला अडवतो. सेट कित्येक वर्षे पडून राहिला, की हा थर खराब होत जातो. अशा सेटला एकदम पूर्ण दाब दिला, तर कंडेन्सरमधून मोठा प्रवाह वाहतो, तो तापतो आणि फुटूही शकतो. म्हणून जाणता मेकॅनिक प्रथम सेटच्या माळेत ६० वॉटचा तारेचा दिवा जोडतो. सेटात कोठे तारा भिडल्या असल्या, तरी प्रवाह ६० ÷ २३०, म्हणजे सुमारे ०.२६ अँपिअरच्या पुढे जात नाही. दिवा प्रखर पेटतो आणि दोष सांगतो. येथे एलईडी दिवा चालत नाही. आणि हा दिवा सेटला वाचवतो, माणसाला नव्हे, हेही विसरू नका.

तेव्हा ‘चालू’ या शब्दापेक्षा ‘कंडेन्सर बदलले आहेत का, कोणी आणि केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर अधिक मोलाचे. उलट, ‘आमच्या माळ्यावर पडून होता, आम्ही लावून पाहिलेला नाही’ असे सांगणारा विक्रेता पुष्कळदा चांगला. त्याने निदान काही जाळलेले नसते.

विक्रेत्याला काय मागाल?

पैसे देण्याआधी पुढील गोष्टी मागवून घ्या.

१. पुठ्ठा काढून घेतलेला मागच्या बाजूचा फोटो. मात्र पिन भिंतीतून काढलेली असावी, हे विक्रेत्यालाही बजावा. नळ्यांवरील नावे वाचता आली पाहिजेत. कोणती बैठक रिकामी आहे तेही पाहा.

२. चासीच्या खालच्या बाजूचा फोटो. मेण ओघळलेले, काजळी धरलेली, उंदरांनी कुरतडलेल्या तारा येथेच दिसतात. सारे जुने भाग काढून आत नवे ब्लूटूथचे यंत्र बसवलेले असेल, तर तेही येथेच उघडे पडते. असा सेट गाणी म्हणेल. पण तो जुना रेडिओ नव्हे, जुने खोके आहे.

३. दाब निवडण्याच्या पट्टीचा फोटो. परदेशातून आलेला सेट ११० किंवा १२० व्होल्टचा असू शकतो.

४. सेट चालू असल्याचा चलच्चित्रपट, आणि तोही दहा-पंधरा मिनिटे वाजल्यानंतरचा. त्यात स्टेशनचा काटा फिरवून दाखवायला सांगा. मात्र एक ध्यानात ठेवा. या सेटांत बहुधा मध्यम लहर आणि लघुलहर असते. आजची एफएम केंद्रे त्यांवर लागत नाहीत. आकाशवाणीची मध्यम लहरीवरील अनेक प्रक्षेपणे अलीकडच्या वर्षांत बंद झाली आहेत. शिवाय घरातील एलईडी दिवे व चार्जर खरखर करतात. म्हणून दिवसा स्टेशन आले नाही, एवढ्यावरून सेट बिघडलेला ठरत नाही.

बांधणीविषयीही आधीच बोला. अशा सेटचे वजन कित्येक किलो असते आणि आत काच असते. एकात एक अशा दोन पेट्या असाव्यात आणि मधली जागा घट्ट भरलेली असावी. स्टेशन फिरवण्याच्या कंडेन्सरच्या पातळ पत्र्या एकमेकींत पूर्ण शिरतील अशा स्थितीत चावी फिरवून ठेवावी. म्हणजे धक्क्याने पत्र्या वाकत नाहीत.

पैशांच्या बाबतीत तुम्ही शाळकरी आहात; व्यवहार आईवडिलांनी किंवा शिक्षकांनी करावा. अनोळखी माणसाला सर्व रक्कम आगाऊ पाठवू नये. जाहिरातीचे फोटो आणि झालेले बोलणे जपून ठेवावे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि ई-वाणिज्याचे २०२० चे नियम धंदा म्हणून विकणाऱ्याला लागू होतात. पण घरातील एखादी जुनी वस्तू कोणी सहज विकली, तर ई-वाणिज्याचे नियम त्याला लागू होत नाहीत. तेथे तुमचे संरक्षण म्हणजे तुम्ही आधी विचारलेले प्रश्न. धंदेवाईक विक्रेत्याने फसवले, तर १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते.

आणि सेट घरी आल्यावर? पिन लावण्याची घाई करू नका. आधी तो जाणत्या मेकॅनिककडे न्या. पिन काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरात विद्युत्भार काही काळ साठून राहतो, म्हणून उघड्या सेटात बोटे घालू नका.

प्रदर्शनाचे काय झाले?

तो सेट प्रदर्शनात मांडला गेला, पण तार कापून. पाठ उघडी, नळ्या स्वच्छ पुसलेल्या आणि शेजारी एक मोठा तक्ता. त्यावर १९ + १९ + ५० + ३८ ही बेरीज आणि चासीला जोडलेली लाल तार. तक्ता काढला होता तो प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने. पाहायला आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी तक्ता वाचला आणि म्हणाले, “आमच्या आईला या रेडिओची धूळ पुसताना झटका बसायचा. आम्ही तिला हसायचो.”

विचार करा

१. एका परदेशी सेटात पाच नळ्या आहेत : १२ बीई ६, १२ बीए ६, १२ एव्ही ६, ५० सी ५ आणि ३५ डब्ल्यू ४. अमेरिकी पद्धतीत नावातील पहिला आकडा तापकाला लागणारा दाब साधारणपणे सांगतो. हा सेट किती व्होल्टचा असेल? त्यात ट्रान्सफॉर्मर असेल का?

२. ‘यू’ जातीच्या सेटातील एकाच नळीचा तापक तुटला, तर काय दिसेल? ‘ई’ जातीच्या सेटात काय दिसेल?

३. वरील उदाहरणात कंडेन्सरचा रोध ३९ मेगओहम असता, तर जाळीवर किती व्होल्ट आले असते?

उत्तरे : १. बेरीज १२१, म्हणजे सेट सुमारे १२० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी आहे. तापकांची माळ थेट पुरवठ्यावर चालते, तेव्हा ट्रान्सफॉर्मर नसणार आणि चासी धोकादायक समजावी. आपल्या २३० व्होल्टला लावल्यास नळ्या जळतील. २. ‘यू’ सेटात माळ तुटल्यामुळे सर्व नळ्या विझतील. ‘ई’ सेटात बहुधा तीच एक नळी विझलेली दिसेल. ३. ८० ÷ ४० = २ मायक्रोअँपिअर; १ मेगओहमवर २ व्होल्ट.